फाटकवाल्यावरून झालेलं भांडण

५ नोव्हेंबर, सोमवार

माननीय चिटणीस,
'काळोखपार' रसिक मंडळ,
शिंप्याच्या दुकानावरची खोली.

सप्रेम नमस्कार. (यातलं 'सप्रेम' खोडणार होतो, पण खाडाखोड केलेला कागद तुम्ही परत पाठवता, म्हणून राहू दिलंय.)

काल सभेत मी खुर्ची उचलली हे खरं. पण ती मारायला नव्हती उचलली. पुढे सरकवून नीट बसून भांडावं, एवढाच हेतू होता. तेवढ्यात घड्याळजीकाकांनी 'कलम नऊ! कलम नऊ!' असा पुकारा केला. अध्यक्ष झाले म्हणून काय झालं, माणसाला खुर्ची टेकवायला तरी वेळ द्यावा की नाही?

असो. कलम नऊ म्हणजे कलम नऊ. खुर्चीपर्यंत गेलेल्या दोन सभासदांनी एकमेकांशी तोंडाने बोलायचं नाही, भांडण कागदावर करायचं, आणि 'मिटलं' असं दोघांनी सहीनिशी लिहून दिल्यावरच तोंड उघडायचं. मान्य. मी कॉलेज अर्धवट सोडलं, अक्षरं नाही सोडली.

आता मुद्द्याचं. 'काळोखपार' या अवकाशपटाचे चारही भाग मी कोळून प्यायलोय. दुसऱ्या भागात कॅप्टन सगळं गमावून वेशीवरच्या स्थानकात येते. मागे शत्रूची यानं लागलेली. तिथे एक माणूस फाटक उघडतो आणि म्हणतो, "जा. मी उघडं ठेवतो." संपलं! त्याला ना नाव, ना गाव. पुन्हा कधी दिसतही नाही. त्या एका वाक्यावर मी शाळेची सगळी वर्षं काढली.

आणि आता या लोकांनी त्या माणसावर आख्खा वेगळा चित्रपट काढला! 'फाटकवाला'! त्यात तो काय करतो? दार उघडतो, दार लावतो, मोजे शिवतो! ना एक लढाई, ना एक स्फोट. कॅप्टन येते ती पाठमोरी. पायाला कुरूप झालंय म्हणून तो लंगडतो, हे मला कशाला दाखवलंत? झाकली मूठ होती, ती उघडून आत कुरूप दाखवलं!

आणि तुम्ही, मंडळाच्या चिटणीस, भर सभेत उभ्या राहून म्हणता की मालिकेतला हा सगळ्यात चांगला चित्रपट! मी राजीनामा देत आहे. हाच तो.

आपला (नाइलाजाने),
ठिणगी


८ नोव्हेंबर

श्री. ठिणगी यांस,

तुमचा राजीनामा मिळाला. तो चित्रपटाच्या जाहिरातीच्या पाठकोऱ्या बाजूला लिहिलेला असल्याने, आणि पुढच्या बाजूला 'फाटकवाला, सहकुटुंब पाहा' असं छापलेलं असल्याने, तो राजीनामा आहे की शिफारस हे मंडळाला ठरवता आलेलं नाही. सबब नामंजूर.

खुर्चीबद्दल: ती तुम्ही दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरली होती. बसायला खुर्ची इतकी वर नेण्याची पद्धत मी तरी पाहिलेली नाही.

चित्रपटाबद्दल: तुम्ही म्हणता, "जा, मी उघडं ठेवतो" म्हणणारा माणूस मोजे कसा शिवेल? मी म्हणते, जो मोजे शिवतो तोच असं वाक्य बोलेल. ज्यांना कुठेतरी पोचायचं असतं ते दुसऱ्यासाठी दार धरून उभे राहत नाहीत. कॅप्टन चार चित्रपट पळते आहे. ती पळू शकली, कारण कोणीतरी एका जागी उभं होतं. त्या उभं राहण्यावर दोन तास दिले तर तुमचं काय बिघडलं?

मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आराखडे काढते. माझ्या कागदावर नळ असतात, झडपा असतात, टाक्या असतात. पाणी नसतं. पण पाणी येतं ते त्यांच्यामुळेच. म्हणून मला फाटकवाला कळला. तुम्हाला कळायला थोडा वेळ लागेल, तुमच्या डोक्यात अजून स्फोट चालू आहेत.

उत्तर जिन्याखालच्या पेटीत टाकावे.

चिटणीस


१० नोव्हेंबर

चिटणीसबाई,

वेळ लागेल म्हणे! अहो, मी हा चित्रपट तुमच्यासारखा एकदा बघून आलेलो नाही. मी थिएटरच्या दारावर असतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिकिटं फाडून झाली की आत जाऊन भिंतीला टेकतो. रोज, प्रत्येक खेळाला. संवाद झोपेत बडबडतो, असं आई म्हणते. परवा तिने उठवलं तर म्हणालो, "ओळखपत्र दाखवा." ती म्हणाली, "तुझी आई आहे, मेल्या, दूध उतू जातंय."

तेव्हा या चित्रपटाबद्दल मला शिकवू नका. नळ, झडपा वगैरे ठीक आहे. पण नळावर कोणी चित्रपट काढला तर मी त्यालाही हेच म्हणेन.

तुमच्या मोज्यांच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर आहे. पण ते आत्ता देत नाही. पुढच्या पत्रात देईन. एका पत्रात सगळं संपवायची काही घाई नाही.

बाकी काल तुम्ही थिएटरसमोरून छत्री घेऊन गेलात. पाऊस नव्हता. मी हात केला नाही, कारण हात करणं बोलण्यात धरतात का, हे कलम नऊमध्ये स्पष्ट नाही. कळवावे.

ठिणगी


१३ नोव्हेंबर

ठिणगी,

हात करणं बोलण्यात धरत नाहीत. छत्री उन्हासाठी होती.

आता मला खरंच काही कळत नाहीये. तुम्ही एवढ्या वेळा चित्रपट पाहिलात, तरी शेवटाबद्दल एक अक्षर लिहीत नाही. सभेतही काढला नाहीत. मी ज्यासाठी त्या चित्रपटाला सगळ्यात चांगला म्हणाले, तो तर शेवटच आहे. फाटकवाला जन्मात पहिल्यांदा स्वतः फाटकाबाहेर पडतो. मागे फाटक लागतं. समोर नुसतं आकाश. तो आपल्याकडे पाठ करून उभा राहतो आणि हसतो. किती वेळ हसतो! मी घरी जाताना रस्त्याने एकटीच हसत होते. भाजीवाल्याने विचारलं, ताई, काय झालं?

तो शेवट पाहूनही एखादा चिडतो, म्हणजे चीड चित्रपटाची नसणार. मला वाटतं, तुम्हाला राग फाटकवाल्याचा नाही. तुम्ही स्वतः दारावर उभे असता आणि जन्मभर तिथेच राहू की काय, असं तुम्हाला वाटतं, त्याचा आहे. चुकत असेन तर लिहा.

आणखी एक. माझा बदलीचा हुकूम आला आहे. धरणावरच्या कचेरीत जायचं आहे. दोन तारखेला, रविवारी निघेन. त्याआधी हे भांडण मिटलं तर बरं. न बोलता गेले, असं व्हायला नको.

चिटणीस


१४ नोव्हेंबर

चिटणीसबाई!

असा प्रसंग चित्रपटात नाही!

नाही म्हणजे नाही! फाटकवाला बाहेर पडतच नाही! नवा पहारेकरी येतो, हा त्याच्या हातात किल्ली देतो, आणि संपतो चित्रपट. मी रोज बघतोय आणि तुम्ही मला शेवट सांगताय? तुम्ही एकदा पाहिलात, अर्धा झोपेत पाहिला असेल आणि उरलेला स्वप्नात. पैज लावा! तुमचा तो हसणारा फाटकवाला निघाला, तर मी भर सभेत त्याच खुर्चीवर उभा राहून म्हणेन की मी गाढव आहे. नाही निघाला, तर तुम्ही म्हणायचं.

आणि माझ्या नोकरीवर घसरायचं कारण नव्हतं. मी कॉलेज सोडलं, कारण सरांनी वर्गात म्हटलं की विज्ञानकथा म्हणजे मोठ्या पोरांची खेळणी. मी वही मिटली, "येतो" म्हणालो आणि आलो. मला कोणी काढलेलं नाही. दारावर उभा आहे तो माझ्या मर्जीने. राग येतो तोसुद्धा माझ्या मर्जीने!

ठिणगी

बदलीबद्दल अभिनंदन.

धरण कुठलं? किती लांब? तिथे थिएटर आहे का? टपाल रोज जातं का?


१६ नोव्हेंबर

ठिणगी,

बाकी सगळं बाजूला ठेवते. एकच विचारते, रागावू नका.

चित्रपट संपताना तुम्ही कुठे असता?

चिटणीस


१७ नोव्हेंबर

चिटणीसबाई,

तुमचं पत्र जिन्यातच वाचलं आणि तिथेच पायरीवर बसलो. शिंपी वर येत होता. म्हणाला, "काय रे, घरी सगळं ठीक?" मी म्हणालो, "दारं."

तो म्हणाला, "कसली दारं?"

किल्ली दिली की संगीत चढतं. ते चढलं की मी निघतो. बाहेरची तिन्ही दारं उघडायची असतात, जड अडसर आहेत, वेळ लागतो. लोक बाहेर पडायच्या आत दारं उघडी नसली तर मॅनेजर ओरडतात. म्हणून मी रोज संगीत चढलं की निघतो. ते संगीत म्हणजे शेवट, असं मीच धरून चाललो होतो. एकदाही मागे वळून बघितलं नाही. माझ्या पाठीमागे तो माणूस रोज बाहेर पडत होता आणि मी त्याच वेळी दुसरीकडे अडसर काढत होतो!

हसा. हसून घ्या. मी हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, "कॉलेजचंही तसंच केलंस." मी जेवलो नाही.

आता अडचण ऐका. शेवट न बघता 'मिटलं' लिहून देणार नाही. खोटी सही मी करत नाही आणि तुम्ही ती स्वीकारणार नाही. मॅनेजरना विचारलं, एका खेळाला दारं दुसऱ्या कोणाला उघडू द्या. ते म्हणाले, "तुला पगार पिक्चर बघायला देतो का?" रजाही देत नाहीत, कारण दारावर मी एकटाच. येत्या गुरुवारी दुपारचा खेळ झाला की 'फाटकवाला' उतरतो. मग तो कुठे बघणार? आणि शेवट बघितला नाही तर भांडण मिटत नाही. आणि ते मिटलं नाही तर तुम्ही दोन तारखेला निघाल आणि मी समोर उभा राहून नुसता हात करीन.

मला तसं नकोय. एवढंच.

ठिणगी


२२ नोव्हेंबर, गुरुवार, संध्याकाळ

चिटणीसबाई,

तुम्ही तिथे होतात, तरी लिहितो. कारण दाराच्या बाहेर काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, आत काय झालं ते नाही.

शेवटचा खेळ. पाचपंचवीस लोक. मी भिंतीला टेकून उभा. किल्ली द्यायचा प्रसंग आला. संगीत चढलं. पाय आपोआप निघाले, सवयीचे गुलाम! पडदा सारून बाहेर येतो तर तुम्ही. कचेरीतून तशाच आलेल्या, बोटांना शाई, हातात ती छत्री. मी तोंड उघडणार, तर तुम्ही ओठांवर बोट ठेवलंत. मग माझ्या हातातली बॅटरी काढून घेतलीत, मला खांद्याला धरून गर्रकन फिरवलंत आणि पाठीत धक्का दिलात. चांगला जोरात. तुमच्या अंगात एवढी ताकद असेल, असं वाटलं नव्हतं.

मग मी आत उभा राहिलो आणि बघितलं.

तो निघतो. त्याचं ते लंगडणं. इतके दिवस मला ते कुरूप नको होतं, पण लंगडला नसता तर तो बाहेर जाताना किती सावकाश जातोय, ते कळलंच नसतं. फाटक लागतं. आणि तो आकाशासमोर उभा राहतो, एवढासा. माझ्या मागून त्याच वेळी पहिला अडसर निघाल्याचा आवाज आला. मग दुसरा. तिसरा तुम्हाला निघत नव्हता, तो लाथ मारल्याशिवाय निघत नाही. लाथेचाही आवाज आला. मला हसू फुटलं आणि डोळे भरून आले, दोन्ही एकदमच. पुढच्या रांगेतले एक आजोबा वळून म्हणाले, "श्शू!"

बाहेर आलो तर तिन्ही दारं उघडी होती आणि तुम्ही कलम नऊ जरा जास्तच पाळून मॅनेजरना हातवारे करून काहीतरी समजावत होता. त्यांना वाटलं, तुम्हाला बोलता येत नाही. ते फार मायेने वागत होते. मी त्यांचा गैरसमज दूर केलेला नाही.

तर लिहून देतो: चित्रपट चांगला आहे. मोज्यांसकट. मी चुकलो. मी गाढव आहे, हे रविवारच्या सभेत खुर्चीवर उभा राहून सांगेन. भांडण माझ्या बाजूने मिटलं. सोबत सही.

एक बारीकसा मुद्दा उरतो, तो समक्ष बोलू. तुम्ही निघायच्या दिवशी बसस्थानकावर येतो. मला आणखीही एक सांगायचं आहे. ते महत्त्वाचं आहे. चित्रपटाबद्दल नाही.

ठिणगी


२३ नोव्हेंबर

ठिणगी,

माझ्याही बाजूने मिटलं. सोबत सही. कागद घड्याळजीकाकांकडे दिला आहे.

रविवारी सभेला मी नाही, सामान बांधायला घरी जाते आहे. गाढवाबद्दलचा वृत्तांत मला लेखी मिळेलच. दोन तारखेला बस सकाळी दहाची आहे. नऊलाच या. एक तास पुरेल ना?

अडसर भलताच घट्ट आहे. त्याला तेल द्या.

चिटणीस (दोन तारखेपर्यंत)


३ डिसेंबर
अध्यक्षांची सूचना

ठिणगी आणि माजी चिटणीस, दोघांस,

काल मंडळाच्या वतीने निरोप द्यायला मी हार घेऊन बसस्थानकावर गेलो होतो. तुम्हा दोघांना मी दिसलो नाही, कारण फाटकवाला शेवटी हसतो की रडतो, यावर तुमचं जोरात चाललं होतं. कंडक्टरने दोनदा घंटी दिली. एक प्रवासी 'हसतो' म्हणाला, त्याच्या बायकोने 'रडतो' म्हटलं, आणि तेही पेटले. बस उशिरा सुटली. ठिणगी बसच्या मागे "खांदे बघ! खांदे!" असं ओरडत पळत गेला, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. हार माझ्या हातातच राहिला. तो दुकानातल्या मोठ्या घड्याळाला घातला आहे.

खुर्ची नव्हती, पण तिकिटाच्या खिडकीपुढचं बाकडं ठिणगीने एका बाजूने उचललं होतं. कलम नऊ लागू करत आहे. यापुढे जे काही असेल ते लेखी. लांबचं गाव असल्याने टपालाने.

मी बेचाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतो. तुम्हा दोघांना एक तास दिला होता, आणि तो असा घालवलात.

घड्याळजी


४ डिसेंबर

चिटणीसबाई... नाही. परवा भांडताना आपण 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी आलो, ते कळलंच नाही. आता मागे जात नाही.

तर ऐक. तो रडतो. तो पाठमोरा आहे, चेहरा दिसत नाही, दिसतात फक्त खांदे. हसताना खांदे वर-खाली होतात. रडताना आत ओढले जातात. मी रोज बाहेर पडणारी माणसं बघतो, मला पाठीवरून कळतं कोण काय करतंय. यावर तुझं म्हणणं लेखी कळव.

आता दुसरं. मला एक तास मिळाला होता आणि मला जे सांगायचं होतं ते मी सांगितलं नाही. येताना रस्ताभर पाठ करत आलो होतो. तू दिसलीस, म्हणालीस, "बोला, तो बारीकसा मुद्दा कोणता?" आणि मी गाढव आधी मुद्दाच बोलायला गेलो. खुर्चीवर उभा राहून जे सांगितलं होतं, ते दुसऱ्या दिवसापासून खरंच करून दाखवतोय. बस वळणावर दिसेनाशी झाली आणि मी तिथे उभा, धापा टाकत, आणि डोक्यात ते पाठ केलेलं सगळं जसंच्या तसं. एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "चुकली का रे बस?" मी म्हणालो, "नाही हो, मी चुकलो."

म्हणून आता लिहितो. पाठ केलेलं नको, साधंच लिहितो.

मला तू आवडतेस. भांडणाच्या आधीपासून. सभेत तू वृत्तांत वाचायचीस तेव्हा मी मुद्दाम हरकती घ्यायचो, म्हणजे तू माझ्याकडे बघून उत्तर देशील. मोज्यांच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कधीच नव्हतं. पत्रं थांबू नयेत म्हणून थाप मारली. मोजे शिवतो तो प्रसंग मला पहिल्या दिवसापासून आवडला होता. तू माझ्यासाठी दारं उघडलीस, त्या दुपारपासून मी तुझ्याशिवाय कोणाशी धड भांडलेलो नाही. मॅनेजर काळजीत आहेत. ते मला यंत्रखोलीत घेऊन चित्रपट लावायला शिकवतो म्हणाले आहेत. मी हो म्हटलं. तिथून शेवट दिसतो.

माझ्याकडे पदवी नाही, डोकं गरम आहे, आणि तुझं धरण लांब आहे. हे तिन्ही मला माहीत आहे. तरी लिहिलं. नाही म्हणायचं असेल तर स्पष्ट म्हण, मी खुर्ची उचलणार नाही.

ठिणगी


९ डिसेंबर
धरणावरून

ठिणगी,

तो हसतो. खांदे आत ओढले जातात ते त्याने जड पोशाख घातलाय म्हणून. इथल्या कचेरीत मी सहा जणांना विचारलं. त्यांपैकी चौघांनी चित्रपट पाहिलेला नाही, तरी ते माझ्या बाजूने आहेत. उरलेले दोघं सध्या एकमेकांशी बोलत नाहीत. घड्याळजीकाकांना कळव, इथे मंडळाची शाखा निघाली आहे.

गावात थिएटर आहे, एकच, पत्र्याचं. पुढच्या महिन्यात 'फाटकवाला' लागतोय. रविवारी दुपारच्या खेळाला ये. शेजारी बसून बघू, शेवटपर्यंत. तुला उठू देणार नाही. खांदे मोजायचे असतील तर मोजायची पट्टी मी आणते.

तेव्हा फाटकवाल्यावरचं भांडण चालू आहे, आणि मी ते मिटवणार नाही, माझ्या हयातीत तरी.

तुझ्या पत्रातला तो नंतरचा भाग मी आधी कचेरीत वाचला, मग धरणाच्या भिंतीवर जाऊन वाचला, मग खोलीवर येऊन वाचला. त्यावर माझं काहीही भांडण नाही.

तुझी
चिटणीस